अमेरिकेतल्या बाळाची पाचवी

अमेरिकेचा इतिहास मला कुणी शिकवला नाही आणि मीही कधी वाचायला गेले नाही. पण त्यातलं एक वर्ष मला असं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारावं. त्या वर्षी तिकडं कुठल्या बाईनं एकटीनं विमानातून समुद्र ओलांडला, काम सुटलेली माणसं पावाच्या तुकड्यासाठी कशी रांगा लावून उभी राहिली, लढाईवरून आलेले जुने शिपाई आपला हक्क मागायला राजधानीत तळ ठोकून बसले तर त्यांना तिथून कसं पिटाळलं, वर्षाअखेरीस जुना अध्यक्ष कसा सपशेल आपटला, सगळं. माझी नात तिकडंच शिकते. परवा फोनवर तिला हे धडाधडा म्हणून दाखवलं तर म्हणते, "आजी, तू एवढं लक्षात कशाला ठेवलंस गं?" कशाला म्हणजे? मी काय हौसेनं ठेवलं? त्या वर्षी आमच्या घरात बाळंतीण होती, आणि बाळंतिणीला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत भाड्यानं राहत होतो. तीन खोल्या एकापाठी एक, वर मातीचं माळवद, मागं न्हाणी. न्हाणीच्या भिंतीपलीकडं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं घर, त्यांचे हातमाग पहाटेच्या भोंग्याबरोबर सुरू व्हायचे. आधी गिरणीचा भोंगा, मग मागांची खटखट, मग आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज. माझी सकाळ या क्रमानंच व्हायची. भाकरी थापायची ती आत्या. अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, ही थोरली बहीण. लग्न झालं त्याच वर्षी नवरा प्लेगात गेला, ती लाल आलवण नेसून भावाच्या घरी आली नि आमची होऊन राहिली. तोंडानं फटकळ. पण वाढताना कडक, पापुद्रा सुटलेली भाकरी नेमकी माझ्या ताटात यायची, वर शेंगांच्या चटणीचा ढीग नि त्यात तेलाची धार. "खा गं, नाहीतर अशीच काटकुळी राहशील, कोण पदरात घेईल तुला," हे वर तोंडी लावणं. आता सून मला बिनतेलाची चटणी देते, डॉक्टरनं सांगितलंय म्हणे. डॉक्टरला काय जातं सांगायला!

अण्णा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मधल्या खोलीत त्यांनी जगाचा मोठा नकाशा टांगला होता. त्याच्या पाच वर्षं आधी एक अमेरिकन तरुण एकटाच विमानातून अख्खा अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा अण्णांनी त्या नकाशावर निळ्या पेन्सिलीनं त्याची वाट काढली होती. तेव्हापासून तो वैमानिक आमच्या घरचाच झाला. त्याचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, सगळं आम्हाला कळत गेलं. "मग पेढे वाटा की पेठेत," असं आत्या अण्णांना टोचून बोलायची. अण्णा हसायचे. ते कधी मोठ्यानं बोलत नसत, आणि खोटं तर त्यांना चेष्टेतसुद्धा जमत नसे. दारात नकोसा माणूस आला नि आत्यानं "घरात नाही म्हणून सांग" म्हटलं, की ते बिचारे मागच्या दारानं खरोखरच बाहेर जाऊन उभे राहत.

आणि आई. आई मोहोळची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकायची अशी की वाचणारीला आपण कुणीतरी मोठ्या आहोत असं वाटावं. शाळेच्या वाचनालयातलं वर्तमानपत्र शिळं झालं की अण्णा घरी आणत. त्या साली देशात धरपकड चालू होती, इकडचं खरं छापायची चोरी, म्हणून पत्रवाले परदेशच्या बातम्यांनी पानं भरतात, असं अण्णा म्हणायचे. खरंखोटं देव जाणे, पण अमेरिका आमच्या घरात रोज यायची एवढं खरं. समुद्र ओलांडणाऱ्या बाईची बातमी वाचली तेव्हा आईनं पहिलं काय विचारावं? "मागं घरात स्वयंपाकाला कोण होतं गं तिच्या?"

शिमग्याच्या सुमाराला ती बातमी आली. आईला सातवा महिना होता. ती शेंगा फोडत बसली होती, मी समोर. त्या वैमानिकाचं मूल चोरीला गेलं. रात्री कुणीतरी शिडी लावून माडीवर चढलं नि पाळण्यातून उचलून नेलं. वीस महिन्यांचं पोर.

"चोरीला?" आईचा हात शेंगांतच राहिला. "मूल? मूल काय दागिना आहे चोरायला?"

"मेल्याचे हात झडोत," आत्या चुलीपासून म्हणाली.

 आईची दोन मुलं गेली होती, माझ्या पाठची. एक नाव ठेवण्याआधीच गेला. दुसऱ्याचं नाव ठेवलं, बारसं केलं, गावभर घुगऱ्या वाटल्या, आणि दात येता येता तो गेला. त्यानंतर आमच्या घरात पाळणा माळ्यावर होता. आता हे तिसरं पोटात होतं आणि आईला दिवसभर नुसती धास्ती. माळवदाचा जिना उतरतानासुद्धा भिंतीला हात लावून उतरायची. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी पत्र उघडायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला, "त्या बाळाचं काय झालं?" मी शोधून शोधून वाचायची. पोलीस हिंडतायत, पैसे मागितलेत, त्याच्या आईनं पत्रात छापून आणलंय की बाळाला अमुक अमुक खायला द्या. हे ऐकताना आईच्या डोळ्यांना धार लागली. "बघ गं इंदू. चोरांना सांगतेय ती, काय भरवायचं ते."

माझा भाऊ वैशाखात जन्मला. आमच्या सोलापूरचा वैशाख म्हणजे माळवदावर पापड टाकले तर तळून निघतील, आणि त्यात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, दाराला घोंगडं. भागाबाई सुईण सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मोठी धिप्पाड बाई. तिच्या एका हातावर बाळ मावायचं. "बारीक हाय," ती बाळाला तेल चोळताना म्हणाली, "पर चिवट हाय. न्हाय व्हय रं?" बाळानं तिच्या अंगावर मुतून उत्तर दिलं. आत्या पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची. बाळाच्या कपाळावर आयुष्य लिहायला सटवाई येते, तिच्यासाठी दिवेलागणीलाच पाट मांडून ठेवायचा, कोरा कागद, लेखणी, विळा, तेलाचा दिवा. आत्यानं सगळी मांडामांड भागाबाईकडून करून घेतली. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. तेवढ्यात आई बाजेवरून म्हणाली, "वन्सं, आणखी एक दिवा लावा."

"आणि तो कुणाचा?"

"त्या अमेरिकेतल्या बाळाचा. त्याची पाचवी कुणी पुजलीच नसणार. सटवाई आली असेल नि तिला लिहायला कागदसुद्धा मिळाला नसेल. मग पोरावर पहारा कोण ठेवणार?"

आत्या कपाळाला हात लावून उभी राहिली. "अगं, त्यांचा देव वेगळा, धर्म वेगळा. आपली सटवाई तिकडं जाते होय?"

"लावा की," भागाबाई म्हणाली. "मूल ते मूल. एक दिवा जादा लागला म्हून सटवाई काय न्हाय म्हनती व्हय? तिला कुटं पायी जायचंय?"

दिवा लागला. दुसरा कोरा कागदही मांडला. आणि मग आईनं हात जोडले नि जे बोलायचं नाही ते बोलून बसली. "आई सटवाई, दोघांना तुझ्या पदरात घातलंय. ते बाळ आईच्या मांडीवर जाऊ दे, मग मी माझ्याचं नाव ठेवीन. तोवर नाही." आत्या ओरडलीच, "अगं बाई, हे काय भलतंच!" पण शब्द बाहेर पडला होता. आई बाळाकडं बघून पुटपुटली, "दोघं बरोबरच वाढतील आता." त्या घटकेला तिनं दोन पोरांची गाठ मारून टाकली, एक सोलापुरातलं आणि एक सातासमुद्रापलीकडचं.

दोनतीन दिवसांतच आईला ताप भरला. वैद्य आले, नाडी बघितली, काढा दिला. जाताना अण्णांना बाहेर घेऊन म्हणाले की जपा, अंगात काही राहिलेलं नाही. मनाला धक्का बसला, दूध तुटलं, तर पोर हाती लागायचं नाही, आणि तीही. मी दाराआड उभी राहून हे ऐकलं. 

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अण्णा एका संध्याकाळी वाचनालयातून आले ते टोपीसुद्धा न काढता थेट स्वयंपाकघरात. पत्र काखेत घट्ट धरलेलं. आत्या तव्यावर भाकरी टाकत होती. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आक्का, ते बाळ सापडलं. मेलेलं. घरापासून जवळच, झाडीत. नेलं त्याच रात्री गेलं असावं म्हणतात."

 तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी कुणी उलटेना. मग आत्याला माझी आठवण झाली. माझा हात धरून तिनं मला जवळ ओढलं. "हे बघ, कार्टे. हे तिच्या कानावर गेलं तर ती उठायची नाही. दोघांची गाठ मारून बसलीय ती. ते गेलं की आपलंही जाणार, असंच घेईल डोक्यात. तू वाचतेस ना? मग तूच बघायचं." गल्लीलाही आत्यानं बजावून ठेवलं. विणकरीण पाणी भरताना दोन बोटं ओठांवर ठेवून मला दाखवायची, की आहे लक्षात.

पहिल्या दिवशी मी नुसतं "शोध चालू आहे" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई तापानं लालभडक डोळे उघडून म्हणाली, "एवढं मोठं पत्र, आणि त्या लेकराबद्दल एवढंच?"  मी पत्र तोंडासमोर धरलं आणि वाचायला लागले की एका खेड्यात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी तसंच एक मूल दिसलं, पोलीस तिकडं निघालेत. आई कोपरावर उठून बसली. "दिसलं? कसं आहे? खातंय?" मग काय, सुटलेच मी. पोर खातंय. वाडगाभर दूध पितंय. अंगणात कोंबड्यांमागं धावतंय. एक तांबडी कोंबडी त्याच्या ओळखीची झालीय. मी सोलापूर सोडून कधी कुठं गेले असेन तर मोहोळला, आजोळी. त्यामुळं माझ्या अमेरिकेत मामाचा मळा होता, मोटेची विहीर होती, शेळ्या होत्या, कडुलिंबाच्या बुंध्याशी बाज टाकलेली होती. त्या संध्याकाळी आईनं पहिल्यांदा पेज संपवली. भांडं खाली ठेवून म्हणाली, "अगदी आपल्या मोहोळसारखंच आहे की गं."

अण्णा मधल्या खोलीत होते. मी बाहेर आले तेव्हा मला वाटलं आता धडगत नाही, कारण खोटं बोलण्यावरून त्यांनी मला पूर्वी दिवसभर ओसरीवर उभं केलं होतं. ते नकाशाकडं तोंड करून उभे होते. तोंड न वळवता म्हणाले, "इंदू, तिकडं कडुलिंब नसतो. सफरचंदाचं झाड म्हण." आणि माळवदावर निघून गेले.

रोजचा नेमच झाला. खरं वाचायचं ते वाचायचं, शिपायांचं, रांगांचं, निवडणुकीचं, आणि शेवटी दोन ओळी माझ्या. पोलीस त्या खेड्यात पोचले तर म्हातारा पोराला घेऊन दुसऱ्या गावी गेलेला. दुसऱ्या गावी पोचले तर तिसऱ्या. पोर मात्र खुशाल. त्याला नवीन दात आला. ते आता पळतं. आईचा ताप उतरला. दूध टिकलं. बाळाच्या मनगटाला वळी पडायला लागली, आणि मला वाटायचं, यातली निम्मी वळी माझ्या कोंबड्यांची आहेत. आज तुम्ही मला नैतिक-अनैतिक शिकवू नका. माझी आई पेज पीत होती.

पण बाळाला नाव नव्हतं. बारावा दिवस गेला, महिना गेला, आषाढ गेला. आत्या त्याला सोन्या म्हणायची, अण्णा "काय साहेब" म्हणायचे, आणि भागाबाई न्हाऊ घालताना, "या पाव्हणं, टाळू माखू द्या." हे ऐकलं की आईचा चेहरा उतरायचा. पाहुणा म्हणजे जाणाराच की. नातेवाईक निरोप धाडून विचारायचे, बारसं कधी? आत्या काहीतरी सबब सांगून थकली. एका दुपारी तिनं अण्णांना गाठलं.

"उद्या इंदूला वाचू दे की सापडलं, घरी पोचवलं. संपलं. मग नाव ठेवायला मोकळे."

"ते नाही व्हायचं, आक्का."

"एवढे दिवस खोटं वाचतेय ती, ते चालतं, आणि हे नाही?"

"शोध चालू आहे म्हणणं वेगळं." अण्णांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "त्या बाईनं आपलं पोर गमावलंय तिकडं. आणि मी इथं ते तिच्या मांडीवर बसलंय म्हणून घुगऱ्या वाटू? माझ्याच्यानं होणार नाही."

"मग काय, तुझं पोर बिननावाचंच वाढू दे?" आत्याला रडू फुटलं. तिला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. "मला भीती वाटते रे. बिननावाच्या पोराला कुणीही हाक मारून नेतं."  दोघं भावंडं एकमेकांकडं पाठ करून बसून राहिली. मलाही तेव्हापासून कोंबड्या सुचेनात. रोज वाचताना जीभ जड व्हायची.

श्रावणातला सोमवार होता. आत्याचा उपास, घरात भगर नि दाण्याच्या आमटीचा वास सुटलेला. अण्णा लवकर आले. चालत नाही, जवळजवळ पळतच. पत्र मला देऊन एका ठिकाणी बोट ठेवलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं. त्या वैमानिकाच्या बायकोला मुलगा झाला होता. आई आणि बाळ सुखरूप. एवढंच, चार ओळी.

"आज हे जसं आहे तसं वाचायचं," अण्णा म्हणाले.

आत्या पुढं झाली. "केशव, ती विचारील. थोरल्याचं विचारील."

"विचारू दे. मी बसतो तिथं."

अण्णा दिवसाउजेडी आईच्या खोलीत जाऊन बसलेत असं मी कधी पाहिलं नव्हतं. आईही बावरली, पदर सारखा करून बसली. बाळ मांडीवर दूध पिऊन पेंगत होतं. आत्या दारात. मी वाचलं. एक शब्द पदरचा घातला नाही.  वाचून संपलं. न्हाणीपलीकडं मागांची खटखट तेवढी चालू होती. मग आईनं माझ्याकडं नाही, अण्णांकडं बघितलं.

"आणि थोरला?"

"तो गेला," अण्णा म्हणाले.

"कधी?"

"नेला त्याच रात्री. सापडला तो आपला बारा दिवसांचाही नव्हता तेव्हा."

आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. काहीतरी हरवलेलं शोधावं तसं. "मग त्या कोंबड्या गं?"

"मोहोळच्या," मी म्हटलं, आणि भोकाड पसरलं.

आईनं बाळाला उचलून आत्याच्या हातात दिलं आणि ती उठली. आत्यानं बाळाला असं छातीशी धरलं की जणू कुणी हिसकावूनच नेतंय. आई न्हाणीत गेली. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याची उशिरा वार्ता कळली की अंगावरच्या वस्त्रानिशी आंघोळ करायची, ही आमच्याकडची रीत. तिनं नेसत्या लुगड्यानिशी, मोकळ्या केसांवर गार पाण्याचे तांब्यांवर तांबे ओतून घेतले. अमेरिकेतल्या बाळाचं सुतक. आतून रडण्याचा आवाज येत होता, मोठ्यानं, मोकळा, आपलं कुणी गेल्यावर रडतात तसा. अण्णा दाराबाहेर उभे होते आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बाळ जागं होऊन किंचाळायला लागलं. आत्या त्याला हलवत होती नि "आता काय होणार, आता काय होणार" एवढंच म्हणत होती.

आई निथळत बाहेर आली. कोरडं नेसली. बाळाला आत्याकडून घेतलं आणि पाजायला बसली. आमचे सगळ्यांचे प्राण डोळ्यांत. बाळ चुरूचुरू प्यायला लागलं, नेहमीसारखं.

"वन्सं, घाबरू नका," आई म्हणाली. आवाज बसला होता. "याला काही व्हायचं असतं तर वैशाखातच झालं असतं. ते लेकरू गेल्यावरही हा वाढलाच की. मीच वेडी." मग थोडा वेळ बाळाकडं बघत राहिली. "म्हणजे चोरी झाली तेव्हा ती पोटुशी होती. माझ्यासारखीच. माझ्या कानावर तुम्ही काही येऊ दिलं नाही. तिच्या कानावर कुणी हात ठेवले असतील? सगळं ऐकलं तिनं, आणि ऐकून नऊ महिने पुरे केले." पुन्हा तिचे डोळे भरले. "मला तिला भेटावंसं वाटतं गं इंदू." अमेरिकेला बोटीनं किती दिवस लागतात ते अण्णांना माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

बारसं पुढच्या आठवड्यात झालं. माळ्यावरचा पाळणा खाली काढला, भागाबाई नवं लुगडं नेसून आली, गल्लीतल्या बायका आल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आमची आत्या विधवा, तिनं असल्या कार्यात पुढं यायचंच नाही असा रिवाज. म्हणून अण्णांची एक चुलत बहीण नातेपुत्याहून बोलावली होती, गळाभर दागिने घातलेली. नाव ठरलं होतं माधव. ती पाळण्यावर वाकली, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा जरा." आणि मला विचारलं, "इंदू, त्याचं नाव काय होतं गं?"

कुणाचं, हे सगळ्यांना कळलं. इतके महिने आम्ही 'ते बाळ'च म्हणत होतो. मी नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, ते त्याच्या आईचं आहे.

"हे आधी सांगा याच्या कानात," आई म्हणाली. "एकदाच. मग माधव."

नातेपुत्याची चुलत आत्या मागं सरकली. "गेलेल्या पोराचं नाव? बारशात? मी नाही बाई."

"गेलेल्या आजोबांचं ठेवतोच की आपण."

"ते वेगळं. मला नका सांगू."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी पुढं होईना. आई पाळण्याची दोरी धरून उभी होती, तिनं मान वर केली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "वन्सं!"

आत्या पिठाच्या हातांनी दारापर्यंत आली. "काय गं?"

"तुम्ही या. नाव तुम्ही सांगा."

"मी?" आत्या चाचरली. "माझं तिथं काय काम? आज सवाष्णींचं आहे सगळं."

"तुम्ही त्याची आत्या आहात."

 बाहेरच्या दारात अण्णा उभे होते. ते खाली बघत म्हणाले, "जा आक्का." भागाबाईनं बाजूला होऊन वाट करून दिली. आत्यानं आलवणाला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि आली. पाळण्यावर वाकून तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं, ते नाव माझ्याकडून पुन्हा ऐकून घेतलं, ओठांतल्या ओठांत घोकलं, आणि तिला जमलं तसं बाळाच्या कानात सांगितलं. मग माधव म्हणाली. म्हणून झालं तरी ती सरळ होईना, तशीच वाकून त्याच्या कानाशी राहिली, पाठ हलत होती. आईनं एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पाळण्याला झोका दिला.